आधी बाग की आधी जहाज

आमची सिंगापूरची सहल ठरून दोन महिने होत आले तरी एक प्रश्न लोंबकळत होता: आधी दोन दिवस थीम पार्क आणि मग तीन रात्रींचं क्रूझ, की उलट. एजंटचं म्हणणं होतं, दोन्हीकडे जागा आहे, तुम्ही सांगाल तसं. साध्या माणसांनी हे चहा गार व्हायच्या आत उरकलं असतं. पण माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ब्रेकचे भाग तपासता तपासता त्याची अशी समजूत झाली आहे की जगातली प्रत्येक गोष्ट बिघडणारच आहे, आणि तिच्या बिघडण्याची कारणं आपल्याला आधीच कागदावर मांडून ठेवायची आहेत.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. त्या गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले तर डायनिंग टेबलवर भलामोठा कागद पसरलेला आणि त्यावर माशाचा सांगाडा. कंपनीत काही बिघडलं की हे चित्र काढतात. माशाच्या डोक्यात बिघाड लिहायचा आणि काट्यांवर त्याची कारणं. डोक्यात त्याने लिहिलं होतं, 'सहल फसणे'. मुलांचे पासपोर्ट अजून यायचे होते आणि आमची सहल फसून बसली होती. काट्यांची नावं होती माणूस, मशीन, मटेरिअल, मेथड. माणसाच्या काट्यावर 'मुलांना उलट्या' आल्या होत्या. मटेरिअलवर बराच विचार करून त्याने 'चिवडा, लोणचं' लिहिलं. मी गणित शिकवते. उत्तर समोर दिसत असताना पायऱ्या वाढवत बसणारी माणसं मी रोज बघते, पण ती नववीत असतात.

एवढ्यात पुनावळ्याहून दीर लॅपटॉप घेऊन आला. तो आयटीत आहे आणि त्याचं काम घरून चालतं, म्हणजे नेमकं काय चालतं ते त्या दिवशी कळलं. त्याने थकवा, फोटो, जेवण, 'ओव्हरऑल एक्सपीरियन्स' अशा सगळ्याला दहापैकी गुण द्यायला घेतले. थकव्याला सात द्यायचे की आठ, यावर दोघे सख्खे भाऊ तासभर भांडले. दोघांचंही उत्तर 'आधी पार्क' असंच येत होतं, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि ते दोघांनाही सहन होत नव्हतं.

मला आधी जहाज हवं होतं. पेपर तपासून, निकाल लावून दुसऱ्याच दिवशी आम्ही निघणार होतो, आणि मला तीन दिवस नुसतं आडवं पडायचं होतं. आज भाजी काय, हे कुणी विचारायला नको होतं. असं उघड बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून मी आबांना पुढे केलं.

आबा म्हणजे माझे सासरे. आम्ही राहतो त्या मोशीचेच मूळचे. कारखान्यात फोर्जिंगच्या शॉपमध्ये, तापलेलं लोखंड ठोकत, सगळी नोकरी उभ्याने करून रिटायर झाले, त्यामुळे गुडघे दुखतात. मी म्हणाले, आधी पार्कात फिरवलंत तर त्यांचे गुडघे सुजतील आणि जहाजातही ते खोलीत पडून राहतील. आधी जहाज करू, मग पार्कचे दोन दिवस ते हॉटेलात थांबले तरी चालेल. नवऱ्याला हे लगेच पटलं, कारण मुद्दा काट्यावर बसणारा होता. मशीनचा काटा रिकामाच होता. मी त्याच्या हातातलं स्केचपेन घेतलं आणि तिथे ठळक अक्षरात लिहिलं, 'आबांचे गुडघे'. दीर हसला, मीही हसले. त्याने गुण फिरवले, जहाज वर आलं, कागद फ्रिजला लागला. एवढ्या हुशार माणसांना वळवणं इतकं सोपं होतं की मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आबांना कुणी विचारलंच नव्हतं. ते खाली गेले होते. संध्याकाळी रोज जायचे. मला वाटायचं, वॉचमनशी गप्पा मारायला जातात.

दुसऱ्या दिवशी ते खालून आले, पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि कागद वाचत उभे राहिले. त्यांना वाचायला वेळ लागतो. नवरा अजून कंपनीतून यायचा होता. मी कणीक मळत होते.

"ह्ये गुडघ्याचं कुणी लिवलं?"

नवऱ्यावर ढकलता आलं असतं. पण अक्षर माझं होतं आणि किराण्याची यादी घेऊन आबाच जातात, त्यांना ते ओळखू येतं. मी म्हणाले, मी लिहिलं.

"मशीनखाली लिवलंस, बरोबर हाय. पर सहल ठरल्यापास्नं रोज बिल्डिंगला आठ फेऱ्या मारतोय, त्ये न्हाई लिवलं."

कशासाठी, असं मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"बाग बघाया," ते म्हणाले. "आधी बागच ठेवा. आत्ता चालतंय तवर चालून घेतो. जहाजात काय, बसूनच ऱ्हायचंय."

दोन शिकलेल्या भावांना एक लॅपटॉप आणि एक मासा घेऊन जे कारण सापडलं नाही, ते त्यांनी पाण्याचा ग्लास हातात धरून सांगितलं. मला लाज वाटली. नवऱ्याच्या त्या कागदाला मी मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती, आणि त्यावरची सगळ्यात खोटी ओळ माझीच होती. कणीक तशीच ठेवून मी हात धुतले.

तिथूनच एजंटला फोन लावला आणि आधी पार्क, मग जहाज असं सांगून टाकलं. नवऱ्याला विचारलं नाही. त्याला काय, दुसरा मासा काढता येतो. एजंट म्हणाला, तुमच्याबरोबर ज्येष्ठ आहेत, तर पार्कात एक व्हीलचेअर सांगून ठेवू का? उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मग मी तोंड मिटलं आणि फोन आबांच्या हातात दिला.

आबांनी त्याचं म्हणणं सगळं ऐकून घेतलं.

"ठेवा येक," ते म्हणाले. "सूनबाई लई दमलीय. ती बसंल."