पोरानं टाकून दिलेली गिटार

आमच्या घरात बाप-लेकाला काहीही सुरू करता येतं. निस्तरायला मी आहेच.

इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हातानं बनवायची टूम लेकानं काढली तेव्हा तो खारघरच्या कॉलेजात होता. चार व्हिडिओ बघितले, वखारीतून सागाची फळी आणली, सुताराकडून आकार कापून घेतला, तारांची लांब मान आणि आतलं वायरिंग तयार मागवलं, आणि साहेब दमले! लाकूड गेलं विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनमागे. आरंभशूर मेला.

मी पॉलिशपेपर हातात घेतला तो काही कलेच्या ओढीनं नाही. त्या खरखरीत कडेला अडकून माझी चांगली ओढणी फाटली, म्हणून. आधी आडवंतिडवं घासून ओरखडे पाडले. मग व्हिडिओ बघून कळलं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासायचं. जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. ऑफिसातून आले की चहा आणि घासकाम. “भांडी घासून हौस फिटत नाही वाटतं,” नवरा म्हणायचा. म्हणे! स्वतः कधी कप तरी विसळलाय?

मान खाचेत बसेना, तेव्हा पटाशीनं खाच जरा जरा मोठी केली. चकाकी यावी म्हणून लॅकर मारला तर दमट हवेनं सगळा पांढुरका पडला. घासून काढला, कडक ऊन बघून पुन्हा मारला. खालच्या काकू वासाची तक्रार घेऊन वर आल्या. तळोज्याच्या कारखान्यांचा घाण वारा सुटला की खिडक्या लावून गप्प बसणार, आणि माझ्या वाटीभर लॅकरनं यांचं डोकं उठणार!

मागवलेलं वायरिंग आत बसवलं, तारा चढवून लेकाच्या अँप्लिफायरला लावली तर नुसती घुर्र घुर्र. आतली अर्थिंगची वायर सुटली होती. सोल्डरिंग शिकले, बोट भाजून घेतलं, पण जोडली. स्वच्छ सूर निघाला. मला वाजवता येत नाही, तरी एकच तार छेडत बसले. फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आणि लेकानं फोटो टाकला: ‘मी हातानं बनवलेली पहिली गिटार.’ खाली नुसत्या शाबासक्या. माझं डोकंच फिरलं.

“आई, आयडिया माझीच होती ना? तू फक्त फिनिशिंग केलंस.”

“जाऊ दे गं,” नवरा म्हणाला, “घरातल्या घरात काय?”

फक्त फिनिशिंग!

दुसऱ्या दिवशी कॉलेजात हीच गिटार घेऊन त्याचा कार्यक्रम होता. तो आंघोळीला गेल्यावर मी तारा काढल्या, मागचे स्क्रू सोडवले, मान सुटी केली आणि सगळं त्याच्या पलंगावर नीट मांडून ठेवलं.

“आई! हे काय केलंस?”

“तू बनवलीस ना? जोड.”

खाली रिक्षा हॉर्न मारत होती. त्यानं मान उलटी धरली, सुलटी धरली, एक स्क्रू पलंगाखाली घालवला. शेवटी रडवेला झाला. “आई, प्लीज. तूच बसव.”

“गिटार कुणाची?”

“तुझी. झालं?”

“झालं. मग मित्राची माग जा. माझी मी कुणाला देत नाही.”