हव

पुण्यात वकिली शिकत होते तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझ्या एका शब्दावर हसायच्या. कुणी काही सांगू लागलं की मी दर वाक्याला ‘हव’ म्हणायचे. माझ्या गावची, आरमोरीची सवय. हव म्हणजे हो, हे खरंच. पण त्याहून जास्त वेळा हव म्हणजे नुसतं, ‘ऐकून राह्यली, बोला’. मोठं माणूस बोलत असताना लेकरानं हव म्हटलं नाही तर ते आगाऊ ठरतं. पुण्यात मी तो शब्द गिळायला शिकले आणि परत येऊन चंद्रपूरला काळा कोट चढवला. मग तो एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या कागदांत पुन्हा भेटला.

मुलगी मोहर्लीजवळच्या एका गावची. आई सफारीच्या पाहुण्यांच्या लॉजवर चादरी धुवायची आणि शाळेला सुट्टी असली की मुलगीही तिच्या हाताखाली जायची. तिथल्या जिप्सीच्या ड्रायव्हरनं तिच्याकडे एका खोलीची चाबी मागितली. पाहुण्यांची बॅग गाडीत ठेवायची आहे, म्हणाला. मोठ्या माणसानं मागितली, तिनं दिली. संध्याकाळी पाहुणे परतले तर कॅमेरा गायब. ड्रायव्हर पकडला गेला आणि त्याच्यासोबत ही. चाबी तू दिलीस? हव. तो चोरी करणार हे तुला माहीत होतं? हव. पोलिसांच्या कागदावर दोन्ही ठिकाणी स्वच्छ ‘होय’ लिहिलेलं होतं.

कायद्याच्या भाषेत ती ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ झाली. हे मी तिच्या आईला समजावत होते तर ती म्हणाली, “पूरग्रस्त म्हणतेत, तसं का बाई?” हसू आलं आणि स्वतःचाच राग आला. तिचं एवढंच म्हणणं होतं की मुलीला घरी आणा. पोलिसांच्या गाडीत मुलगी अनवाणी बसली होती, म्हणून आई रोज पिशवीत तिच्या चपला घेऊन माझ्याकडे यायची.

बाल न्याय मंडळापुढे जामिनाची तारीख गुरुवारची होती. मंगळवारी मी मुलीला भेटायला, तिला ठेवलं होतं त्या निरीक्षणगृहात गेले. जामीन अवघड नव्हता. मुलगी लहान, आई हजर, ड्रायव्हर कोठडीत. मला भीती होती ती फक्त तिच्या हवची. मंडळात न्यायाधीश आणि दोन सदस्य समोरासमोर बसून मुलांशी प्रेमानं बोलतात, आणि प्रेमानं विचारलं की ही पोर काहीही कबूल करील, हे मी ओळखून होते.

“हे पाह्य,” मी तिला म्हटलं, “पुरा सवाल ऐकाचा. मंग बोलाचं. मधात हव नाई म्हणाचं.”

“हव,” ती म्हणाली.

तासभर हाच खेळ चालला. मी न्यायाधीश व्हायचे. तू चाबी काऊन दिली? हव... नाई. तुले माहीत होतं का? हव. तिनं स्वतःच कपाळावर हात मारला. मग तिनं ओढणीचं टोक दातात धरून पाहिलं, तरी घशातून हुंकार यायचाच. मी वैतागले. समजलं नाही तर ‘समजलं नाई’ म्हण, असं सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

“मोठ्या मानसाले असं कसं म्हनाचं?”

तिचंही बरोबर होतं. तिच्या वयाची असताना मलाही ते जमलं नसतं. शेवटी कंटाळून मी तिला सोपा मार्ग दिला. आजही ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

“मंग काहीच नोको बोलू. माह्याकडे पाह्य. मी हाओ न, मी बोलीन.”

हे तिला लगेच जमलं. पुढच्या दहा प्रश्नांना ती तोंड मिटून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी दर वेळी मान हलवून शाबासकी दिली. निघताना मला वाटलं, चला, गड सर झाला.

गुरुवारी आई माझ्याही आधी येऊन बसली होती. मी कोट आणि गळ्याचे पांढरे बँड गाडीतच ठेवले. लेकरं घाबरू नयेत म्हणून तिथं साध्या कपड्यांत जातात. मी माझं म्हणणं मांडलं. न्यायाधीशांनी आईचं हमीपत्र पाहिलं, पेनचं टोपण काढलं. ते कोकणातून बदली होऊन आलेले, मवाळ गृहस्थ. सही करण्याआधी ते मुलीकडे झुकले.

“काय गं बाळ, घरी जायचंय ना?”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. जायचंय म्हण, एवढं एक हव म्हण, या आशेनं मी जोरात मान हलवली. तिला ती मंगळवारचीच शाबासकी वाटली. तिनं ओठ आणखी घट्ट मिटले.

त्यांनी पुन्हा विचारलं. ती गप्प. आता बाजूच्या सदस्यबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “घरी कुणी मारतं का तुला? कशाची भीती वाटते?” ती गप्प. त्यांनी कागद चाळला. “हा ड्रायव्हर यांच्याच गल्लीतला दिसतोय,” त्या हळूच म्हणाल्या.

“बोल नं वं, आता बोल,” मी म्हटलं.

“मॅडम, तुम्ही तिला सांगू नका,” सदस्यबाई म्हणाल्या.

मी उभी राहिले. गप्प राहायला मीच सांगितलं होतं, हे बोलून टाकलं. का सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी आमच्याकडचा हव समजावू लागले आणि बोलता बोलताच मला कळलं की ते किती पोकळ ऐकू येतंय. पोलिसांपुढचा हव खोटा, इथलं मौनही खोटं, मग खरं काय? न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हो म्हणजे हो, मॅडम. आणि ही तर काहीच म्हणत नाहीये. लेकराला धोक्यात पाठवायचं का मी?”

त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. म्हणूनच भांडायला काही उरलं नाही. परिवीक्षा अधिकारी घरी जाऊन चौकशी करतील, अहवाल येईल, मग बघू. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. बालिकेने घरी जाण्याची इच्छा व्यक्त केली नाही, असं त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात आईला मी ते एकदा सांगितलं, मग दुसऱ्यांदा सांगितलं. ती दर वाक्याला हव, हव म्हणत होती. तिला कळलंय की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तिनं पिशवीतून चपला काढल्या आणि खाली बसून मुलीच्या पायात घातल्या. मुलगी खुश झाली. चपला आल्या म्हणजे घरीच जायचं, असं तिला वाटलं असणार. तिला निरीक्षणगृहात परत न्यायला साध्या कपड्यांतली महिला शिपाई गाडीपाशी थांबली होती.

मुलगी माझ्याजवळ आली. परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या पोरीचा असतो तसा तिचा चेहरा होता.

“बाई, एकदाबी हव नाई म्हटलं न मी?”

किती वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून आपसूक निघून गेला.

“हव,” मी म्हटलं.