सातवी ब आणि विहिरीचं पाणी

सोमवार, १५ जुलै १९७४. सातवी ब. पटावर एक्केचाळीस मुली, हजर अडतीस. फळ्यासमोर विज्ञानाच्या नव्या बाई, वय सव्वीस, नेमणूक तात्पुरती. दारात दहा मिनिटं मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. शेवटच्या बाकावर मी, वही-पेन घेऊन.

मी तिथे का बसले होते ते आधी सांगते. महाल भागातल्या आमच्या मुलींच्या शाळेत चौदा वर्षं विज्ञान मीच शिकवत होते. पद्धत सरळ होती. धडा वाचायचा, टिपणं सांगायची, मुलींनी ती उतरवायची, शनिवारी पाठ म्हणून घ्यायची. निकाल चांगला लागे. त्या वर्षी तुकडी वाढली आणि सातवी ब नव्या बाईंकडे गेली. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी एकही टिपण दिलं नाही, तेव्हा पालक तक्रार घेऊन आले.

मोठ्या बाईंनी आम्हां दोघींना बोलावलं. मला म्हणाल्या, "तुम्ही मागे बसा. जमेल तेवढ्या तासांना काय झालं ते लिहून ठेवा. नाताळच्या सुटीआधी वही माझ्याकडे द्या. यांचं जमलं नसेल तर वर्ग परत तुमच्याकडे." वर्ग गेला की नव्या बाईंची नोकरीही जाणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्या सोमवारी नव्या बाईंनी मुलींना सांगितलं, "उद्या प्रत्येकीने एक प्रश्न आणायचा."

मंगळवारी सगळ्यांनी आणले. सगळे धड्याखालच्या स्वाध्यायातले. बऱ्याच जणींनी 'कारणे द्या' उतरवलं होतं. एकीने गाळलेल्या जागा आणल्या होत्या, त्याही भरून. नव्या बाईंनी सगळ्या वह्या शांतपणे वाचल्या. "हे प्रश्न पुस्तकाला पडलेत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणता पडलाय?" आणि खुर्चीवर बसून राहिल्या.

मी घड्याळ पाहून लिहिलं: चार मिनिटं शांतता. तास वाया.

मग मौद्याकडची एक मुलगी उठली. मामाकडे राहून शिकायची, वर्गात सहसा बोलायची नाही. "बाई, गावाला आम्ही विहिरीवर आंघोळ करतो. हिवाळ्यात पाणी गरम काहून लागते?"

"लागते काय वं, असतेच गरम," शेजारची म्हणाली. "पुस्तकात आहे नं."

"पुस्तकवाल्यानं आमची विहीर पाहिली का?"

वर्ग हसला. नव्या बाईही हसल्या, पण उत्तर दिलं नाही. "खरंच गरम असतं की आपल्याला तसं लागतं, हे कसं कळेल?" पुन्हा शांतता. या वेळी दोनच मिनिटं. मागून कोणीतरी म्हणालं, "थर्मामीटर टाकून पाहू नं, विहीर तर शाळेतच आहे."

शाळेचा थर्मामीटर एकच, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी तो नऊ वर्षं कापसात गुंडाळून ठेवला होता. फुटला नव्हता, कारण कोणाच्या हातात दिलाच नव्हता. सही घेऊन दिला.

मुलींनी पाळ्या लावल्या. बुधवार आणि शनिवार, शाळा भरायच्या आधी. बादली वर आली की थर्मामीटर पाण्यात ठेवूनच आकडा वाचायचा, हेही दोनदा चुकून त्यांनीच शोधून काढलं. शेजारी हवेचं तापमान. वर्गाच्या भिंतीला मोठा तक्ता. जुलैत पाणी सत्तावीस, सप्टेंबरात सत्तावीस, दिवाळीनंतरही तेच. हवेचा रकाना मात्र खाली खाली चालला होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मौद्याच्या मुलीची पाळी होती. हवा चौदा, पाणी सव्वीस. तक्त्यावर ती आकडा लिहीत असताना मी मागे उभी होते. चौदा वर्षं मी मुलींना एक वाक्य उतरवून दिलं होतं: विहिरीचे पाणी उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात गरम असते. हा आकडा तर जुलैपेक्षाही कमी होता. मी म्हटलं, "नीट बघून ये." ती गेली, परत आली आणि सव्वीस खोडून एकोणतीस लिहिलं. मला बरं वाटलं.

तासाला नव्या बाईंनी तिला विचारलं, "दुसऱ्यांदा गेलीस तेव्हा काय बदललं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "बाईंनी नीट बघ म्हटलं, म्हणून नीट बघितलं."

"सव्वीस दिसलं की एकोणतीस?"

"सव्वीसच दिसून राहिलं होतं. मले वाटलं माझंच चुकून राहिलं."

नव्या बाई माझ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मुलींना म्हणाल्या, "कोणी मोठ्या माणसाने पुन्हा बघ म्हटलं की आकडा बदलतो. याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." आणि बसून राहिल्या.

मुलींनी ठरवलं. यापुढे दोघींनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकींना न दाखवता चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या तिसरीने उघडायच्या. "आणि तिथं कोणी बाई उभ्या राहायच्या नाहीत," एक जण म्हणाली, मग माझ्याकडे बघून जीभ चावली. हे सगळं सात मिनिटांत झालं. इतकी वर्षं प्रयोगाची कृती मी फळ्यावर लिहून देत आले होते. अशी अट माझ्या एकाही कृतीत नव्हती.

त्या आठवड्यात वही द्यायची होती. बसून पूर्ण वाचली. पहिल्या महिन्यात 'तास वाया' अकरा वेळा लिहिलेलं होतं. ते खोडलं नाही. शेवटी एकोणतीसचा प्रसंग लिहिला, चूक माझी होती हेही लिहिलं, आणि वही मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी समोरच वाचली. "तीन धडे मागे आहेत."

"हो."

"सहामाहीत व्याख्यांना मार्क कमी आहेत."

"हो. पण कारणं या वर्गाने माझ्या मुलींपेक्षा चांगली लिहिलीत."

"मग वर्ग घेता का परत?"

"नाही. मागे पडलेले तीन धडे शनिवारच्या जादा तासाला मी घेते. वर्ग त्यांच्याकडेच राहू द्या."

वर्ग राहिला. पुढच्या जूनमध्ये नव्या बाईंची नेमणूक कायम झाली. मी माझ्या सातवी अ मध्ये टिपणं देणं एकदम बंद केलं नाही, तेवढं धाडस नव्हतं. पण आठवड्यातून एक तास प्रश्न विचारून बसून राहायला शिकले. पहिल्यांदा मलाच एक मिनिट निभावलं नाही.

त्याआधी, एप्रिलमध्ये, तक्ता भिंतीवरून काढताना मुलींच्या लक्षात आलं की अर्धाच प्रश्न सुटला आहे. हिवाळ्यात पाणी गरम होत नाही, हवा थंड होते. मग उन्हाळ्यात? मे महिन्यात शाळा बंद, मुली आपापल्या गावी. त्यांनी मेचा रकाना आखून ठेवला आणि विचारलं, आकडे कोण घेणार. मी हात वर केला.

त्या मेमध्ये मॅट्रिकच्या उत्तरपत्रिका तपासायला आल्या आणि विहिरीवर जाणं राहून गेलं. पुढच्या वर्षी विहिरीवर पंप बसला आणि वरून स्लॅब टाकून ती बंद केली. दुसरी विहीर बघेन म्हणत आठ मे महिने गेले. तक्ता माझ्याकडे आहे. मेचा रकाना भरायचा आहे.