मास्कमधून निसटलेला 'वा!'

चेलोला गाडीत स्वतःची सीट लागते, बेल्टसकट. व्हायोलिनचा हा थोरला भाऊ असा आडवातिडवा कोंबायचा नसतो, हे मला शनिवारी सकाळी ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगहून निघताना कळलं.

लॉकडाउनभर मेगने आणि मी एकाच गोदामात खोके उचलले. ती मूळची व्हायोलिनवाली. चौघांचा ग्रुप, स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात, वीस वर्षं जुना. कार्यक्रम बंद पडले म्हणून खोके. बंदी उठली आणि यास गावाजवळच्या एका खेड्यातून बोलावणं आलं.

"मेट," मेगने विचारलं, इथे मित्राला असंच म्हणतात, "व्हॅन चालवशील?"

मी दहावी अर्धवट सोडून जग बघायला निघालेला माणूस. नाही कशाला म्हणू?

जाणार असाल तर मॅक्वॉरी पासचा घाट दमाने चढा, वळणं फार अरुंद आहेत. गोलबर्नला थांबून मीट पाय, म्हणजे खिम्याची भाजकी कचोरी, खा, तोंड पोळलं तरी गरमच. पुढे सरळ हायवे. नोव्हेंबरात टेकड्या फुलांनी गच्च जांभळ्या असतात.

"तण आहे ते," चेलोवाला टॉम म्हणाला. "गुरांना विषारी."

"तण असून केवढा रुबाब!" मी म्हटलं.

मग टॉम म्हणाला, "मेग, मला शाळेत नोकरी मिळतेय. सोमवारी हो-नाही सांगायचंय."

"आधी वाजवू," मेग म्हणाली. "आज मजा नाही आली, तर मीच ग्रुप बंद करते."

हॉलच्या दारात लशीचं सर्टिफिकेट दाखवलं. आत एकाआड एक खुर्ची रिकामी, सगळ्यांना मास्क. आधी जुनं क्लासिकल झालं. लोक गप्प. मेग समोर बघायची, पण नुसते डोळे बघून काय कळणार? मग एक आजकालची रचना सुरू झाली. विहिरीवरचा रहाट कुरकुरावा तसा आवाज, आणि त्यातूनच एकदम असा गोड सूर निघाला की मी बोलून गेलो, "वा! क्या बात है!"

पुढच्या आजीबाई गर्रकन वळल्या. "शश्श!"

मध्यंतरात टॉम धावत आला. "काय झालं? कुणाला चक्कर आली?"

"दाद दिली," मी म्हटलं. "आमच्या भजनात लोक गप्प बसले, की बुवा समजतात आज काही खरं नाही."

मेग हसत सुटली. दुसऱ्या भागाआधी तिने लोकांना सांगितलं, "आज तुमचे चेहरे दिसत नाहीत. आवडलं तर वाजवतानाच बोला."

आधी कोणी धजेना. मग मागून एक शेतकरी गरजला, "गुड ऑन या!" म्हणजे शाब्बास. पुढे रांगेरांगेतून आवाज उठले. टॉमचा बो, म्हणजे चेलोचा गज, नुसता नाचत होता. शेवटी त्याच आजीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाह! बरोबर म्हटलं ना?"

परतताना घाट उतरेपर्यंत टॉम आणि मेग पुढच्या गावांवरून भांडत होते. शाळेचा विषयच निघाला नाही.

सोमवारी शिफ्टला मेग आली नाही. तिच्या वाटचे खोके मी उचलले, कंबर बोलायला लागली.

"मेग कुठंय?" सुपरवायझरने विचारलं.

म्हटलं, "तिच्या कामावर."