जेवणाच्या रकान्यातला एक

"अंकल कॅन, लाह. डॉटर कम, अंकल कॅनॉट."

वॉर्डच्या पॅन्ट्रीत कोणीतरी कोणालातरी सांगत होतं. मी बाहेर डबा धरून उभी होते. आवाज रोस्ना आंटींचा होता. त्या वॉर्डात मदतनीस आहेत. पेशंटना उठवणं, अंघोळ घालणं, जेवायला बसवणं हे त्यांचं काम. रोज संध्याकाळी घरून डबा घेऊन येणारी मुलगी त्या वॉर्डात एकच होती, त्यामुळे बोलणं कोणाबद्दल चाललंय हे कळायला वेळ लागला नाही. मुलगी नसली की अंकलना जमतं, ती आली की जमत नाही.

काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्याने मी आत गेले आणि बाबांना वरणभात भरवला.

बाबा नाशिकहून परदेशात माझ्याकडे, बिशानला, महिन्याभरासाठी आले होते. आल्या आल्या त्यांचं पोट बिघडलं आणि बरंही झालं. मग दहा-बारा दिवसांनी एका सकाळी त्यांना पलंगावरून उठताच येईना. जीबीएस. पेपरात हे नाव बऱ्याच जणांनी वाचलं असेल. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. लुळेपणा पायांपासून सुरू होतो आणि वर चढतो. बाबांचा छातीपर्यंत चढला. तीन आठवडे ते व्हेंटिलेटरवर होते. त्या दिवसांत त्यांना फक्त पापण्या हलवता येत होत्या, आणि मी काचेपलीकडून त्या मोजत होते.

मग लुळेपणा उतरायला लागला. आधी श्वास, मग मान, मग खांदे. हात आणि पाय सर्वांत शेवटी. दुरुस्त होणारी नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. मिलिमीटर म्हणजे काय, ते मात्र या वॉर्डात कळलं.

कॉलेजात म्हणजे, मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ओटी. पाया लेबार नावाच्या भागातल्या एका रिहॅब सेंटरमध्ये काम करते. फिजिओ माणसाला चालायला शिकवतो, ओटी त्याला स्वतःचा शर्ट स्वतः घालायला शिकवते. बाबांच्या हॉस्पिटलमध्ये हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक आपल्याशी आकड्यांत बोलायला लागतात. मला तिथे फक्त मुलगी म्हणून राहायचं होतं.

पण आकडे होतेच. रिहॅबमध्ये प्रत्येक पेशंटला रोजच्या कामांसाठी गुण देतात. जेवण, कपडे, अंघोळ, खुर्चीतून उठणं. सात म्हणजे स्वतःचं स्वतः, एक म्हणजे सगळं दुसऱ्याने. पेशंटला काय करता येईल हे लिहायचं नसतं, तो रोज खरंच काय करतो ते लिहायचं असतं. आणि दिवसभरात फरक पडत असेल, तर सर्वांत कमी गुण धरायचा.

हा नियम मी स्वतः नवीन स्टाफला शिकवते.

तरीही रोज संध्याकाळी सहाला मी डबा उघडायचे, रुमाल पसरायचे आणि भरवायचे. मग अंग पुसून शर्ट बदलायचे. बाबांची ओटी हुई मिन, माझ्याच वयाची, एकदा हळूच म्हणाली होती, "डिनर त्यांना स्वतः ट्राय करू दे." मी हसून मान हलवली होती. पेशंटचे नातेवाईक माझ्यासमोर हलवतात, अगदी तशीच.

शुक्रवारी फॅमिली कॉन्फरन्स होती. डॉक्टर, थेरपिस्ट आणि घरचे एकत्र बसून पुढचं ठरवतात. हुई मिनने आधीच कल्पना दिली होती की गुण दोन आठवडे हललेले नाहीत. ते हलले नाहीत तर प्रगती थांबली असं समजतात आणि पेशंटला घरी सोडतात. बाबांच्या बाबतीत घरी म्हणजे माझ्या फ्लॅटमध्ये, व्हीलचेअर आणि चोवीस तासांची हेल्पर. नाशिकचं घर संपलं. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे राहतात आणि त्यांना तिथेच राहायचंय. बोलता यायला लागल्यावर डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. "मी घरी एकटा कधी राहू शकेन?"

माझ्या मनात मात्र त्यांची खोली लावून झाली होती. पलंग कुठे, पकडायला बार कुठे. ते आता एकटे राहणार नाहीत, या विचाराने मला बरं वाटत होतं. हे लिहायला सोपं नाही.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी, साडेअकराला, वॉर्डात गेले. बाबांचा बेड खिडकीजवळ होता. पडदा अर्धा ओढलेला होता. मी त्याच्या मागे उभी राहिले. हे शोभणारं नव्हतं, पण मी राहिले.

समोर ट्रे होता. भात, पालेभाजी, टोफू. बाबांच्या उजव्या हातात जाड मुठीचा चमचा होता. चमचा त्यांनी पाना धरावा तसा धरला होता, कारण ते पस्तीस वर्षं गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. शेजारच्या बेडवर टॅन अंकल होते. त्यांचं जेवण कधीच झालं होतं आणि ते पंचासारखे बघत होते.

"वाह, सो स्लो! माय लंच फिनिश, नाऊ ऑलरेडी डिनर."

"मशीन पुराना है," बाबा म्हणाले. "लेकिन चालू है."

टॅन अंकलना हिंदी येत नाही. तरी ते मान मागे टाकून हसले.

चमचा भातात गेला, पण वर येता येता कलंडला. पुन्हा गेला. पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा बाबांनी कोपर टेबलावर टेकवलं, चमचा तसाच ठेवला आणि मान खाली आणली. हे त्यांना कोणी शिकवलं होतं की त्यांनीच शोधलं होतं, मला माहीत नाही. घास तोंडात गेला. त्यांनी सावकाश चावला आणि डोळे मिटले.

एका घासाला जवळजवळ एक मिनिट. मी घड्याळ लावलं होतं. सवयच आहे.

मग टोफूचा तुकडा ट्रेवर पडला. बाबांनी चमचा खाली ठेवला. अंगठा हळूहळू आत वळला आणि थरथरत तर्जनीपर्यंत पोहोचला. बोटांची चिमूट झाली. तीन आठवड्यांपूर्वी हा हात चादरीवर ठेवला की तसाच पडून राहायचा, मी उचलून कडेला ठेवेपर्यंत. पेशंटमध्ये अशी चिमूट मी शेकडो वेळा पाहिली आहे आणि तिच्यासमोर टिकची खूणही केली आहे. त्या दुपारी मला टिक करायचं सुचलं नाही. नसा कणाकणाने सावरत खांद्यापासून तिथपर्यंत आल्या होत्या. कोणी हाक मारली नव्हती. आपापल्या वाटेने आल्या होत्या.

एकोणचाळीस मिनिटांनी ट्रे रिकामा झाला. रोस्ना आंटी आल्या, पडद्यामागे मला बघून थबकल्या, आणि ट्रे घेऊन गेल्या.

संध्याकाळी मी डबा घेऊन पुन्हा गेले. बाबांनी नेहमीसारखं तोंड उघडलं. आणि मी भरवलं. खरं सांगते, भरवलं. तिसऱ्या घासाला माझा हात थांबला.

"बाबा, तुम्हाला स्वतःला येतं ना जेवता?"

त्यांनी घास संपवला. "थोडं थोडं."

"मग माझ्या हातून का?"

"तू एवढ्या लांबून डबा घेऊन येतेस." ते खिडकीकडे बघत होते. "तुला तेवढंच बरं वाटतं. मला काय, मी दुपारी जेवतो माझ्या हाताने."

आम्ही दोघं कमी बोलणारी माणसं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यांची सगळी समज मराठीतली, आणि अवघड गोष्ट आली की दोघांचीही जीभ जड होते. मी चमचा त्यांच्या हातात द्यायला हवा होता. मी पाण्याचा ग्लास दिला.

पुढचं आधीच सांगून टाकते. बाबांना रिहॅबचे आणखी चार आठवडे मिळाले. आता ते नाशिकला आहेत. काठी घेऊन चालतात, शर्टाचं सर्वांत वरचं बटण उघडंच सोडतात, आणि पोळ्या करायला एक बाई येते. मी कामावर एकच बदल केला. पेशंटच्या घरच्यांना "मदत करू नका" सांगण्याआधी मी विचारते, "तुम्ही रोज किती वाजता येता?" बहुतेक वेळा उत्तर जेवणाची वेळ असतं.

शुक्रवारी छोट्या खोलीत आम्ही पाच जण होतो. डॉक्टर, हुई मिन, सोशल वर्कर, व्हीलचेअरमध्ये बाबा आणि मी. हुई मिनने स्क्रीनवर तक्ता लावला. जेवण, एक. कपडे, एक. दोन आठवडे सरळ रेष. सेशनमध्ये ते बरंच करतात, असंही ती म्हणाली, पण आकडा आकडाच. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डिस्चार्जबद्दल बोलायला सुरुवात केली. बाबांना इंग्रजी अर्धंच कळत होतं. ते माझ्या चेहऱ्यावरून अर्थ लावत होते.

"एनीथिंग फ्रॉम द फॅमिली?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असतं. नो, थँक यू. शाळेपासून. मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. तो खुर्चीच्या हातावर होता आणि अंगठा आत वळलेला होता.

मी इंग्रजीत बोलले, मग बाबांसाठी मराठीत पुन्हा म्हटलं, कारण ते त्यांनाही ऐकू जायला हवं होतं.

"मी पण ओटी आहे. तो एक बाबांचा नाही, माझा आहे. उद्यापासून मी साडेसातला येईन, त्यांचं जेवण झाल्यावर."