पतंगामागचं आडनाव

"आणि ही आमची अळीवाली."

सरांनी माझी ओळख अशी करून दिली. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये, संस्थेच्या विश्वस्तांसमोर. त्याआधी ऋचाची ओळख झाली होती. "हिनं माझ्याबरोबर नव्या पतंगाचं वर्णन लिहिलंय. आजवर जगाला माहीत नसलेला पतंग."

विश्वस्तांनी माझ्याकडे बघितलं. "अळ्या? म्हणजे गांडूळखत वगैरे का?"

सगळे हसले. ऋचासुद्धा हसली. मग सर मला म्हणाले, "त्या बरण्या घेऊन जरा बाजूला हो. फोटो काढायचाय."

मी बरण्या उचलल्या आणि बाजूला झाले. अळीवाली. भाजीवाली, भांडीवाली असते तशी.

त्या बरण्यांत तोच पतंग होता. आणि तो मला सापडला होता.

आम्ही अंबरनाथला राहतो, एमआयडीसीच्या भिंतीला लागून. बाबा तिथल्या केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. भिंतीपलीकडे नाला आहे आणि नाल्याच्या काठाला करंजाची झाडं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना त्यांच्या पानांवर मला चंदेरी रेघा दिसल्या, नागमोडी. त्या रेघा काढणाऱ्या अळीला शेतकरी नागअळी म्हणतात. ही अळी पानाच्या आत, दोन पातळ पापुद्र्यांच्या मधे राहते आणि आतून खात पुढे सरकते. मी पानं घरी आणली. आईच्या लोणच्याच्या बरण्या धुऊन त्यात ठेवली, तोंडाला जुन्या ओढणीचं कापड बांधलं.

आई म्हणाली, "घरात माणसांना पाय पसरायला जागा नाय, आणि तू किड्यांना भाडेकरू ठेवतेस?"

भाडेकरू पतंग होऊन बाहेर आले. तिळापेक्षा थोडेसे लांब. नुसत्या डोळ्यांना धूळ वाटावी असे. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पंख सोनेरी, त्यावर चांदीचे आडवे पट्टे. मी श्वास रोखून बघत राहिले, कारण श्वास सोडला तर तो उडाला असता.

इतक्या बारीक पतंगांची जात पंखांवरून ठरत नाही. नराचं पोट सोडवून, पोटॅशच्या पाण्यात उकळून, त्याचे जननावयव काचेवर पसरावे लागतात. त्यांचा आकार जातीजातीला वेगळा असतो. ते काम मी शिकले. कितीतरी नर वाया घालवले, तेव्हा एक काच जमली. सरांनी ती बघितली. बराच वेळ बघितली. म्हणाले, "हे कुणाशीच जुळत नाही."

त्या दिवशी मी स्टेशनपर्यंत रिक्षा केली नाही. चालत गेले. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. आनंद असा एकटीनं खायचा होता.

मग ऋचा आली.

ऋचा अंबरनाथ पूर्वेला राहते. शिवाय बदलापूरला त्यांचा बंगला आहे. तिचे वडील आणि सर जुने मित्र. लॅबमध्ये ती त्यांना सर म्हणते, जिन्यात काका. मला तिचा हेवा वाटतो. हे मी झाकून सांगणार नाही. तिच्या इंग्रजीचा वाटतो. लॅटिन नाव ती न अडखळता उच्चारते त्याचा वाटतो. सर बोलत असताना ती टेबलावर टेकून उभी राहू शकते, त्याचा सगळ्यात जास्त वाटतो. मी कधीच टेकले नाही. मला कुणी मना केलं नव्हतं. तरीही.

इंग्रजी मसुदा तिनं लिहिला. माझ्या काचांवरून, माझ्या मोजमापांवरून. मसुद्यावर नावं दोन, सरांचं आणि तिचं. माझं नाव शेवटी, आभारात. लॅबच्या शिपायाच्या आणि सरांच्या ड्रायव्हरच्या बरोबर.

आमच्या शास्त्रात एक रीत आहे. नव्या जातीच्या नावामागे, तिचं वर्णन करणाऱ्यांची आडनावं लागतात. कायमची. शंभर वर्षांनी कुणी त्या पतंगाचं नाव घेईल, तेव्हाही ती आडनावं लागतील.

मी सरांना विचारलं, "सर, माझं नाव?"

"लेखक म्हणजे लिहिणारा," सर म्हणाले. "आणि हे बघ, नावामागे तीन-तीन आडनावं बरी दिसत नाहीत. कसं वाचलं जाईल, याचाही विचार करावा लागतो."

कसं वाचलं जाईल. माझं आडनाव शाळेपासून वाचलं जातंय. आधी जरा थांबून. मग माझ्याकडे बघून. मग माझ्या शेजारी कोण बसलंय ते बघून. मला माहीत आहे कसं वाचलं जातं.

बाहेर ऋचा म्हणाली, "यार, इतकं मनाला नको लावून घेऊस. थोडी जेलसी होतेय तुला. नॉर्मल आहे."

 घरी आल्यावर मी त्या शब्दाला धरून बसले. परक्याच्या वस्तूचा लोभ म्हणजे जेलसी असेल. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात बघून जे जळतं, त्यालाही हेच म्हणायचं? मग जळू दे. मी ते विझवणार नाही.

नियतकालिकाकडून उत्तर आलं. वर्णन चांगलं आहे, पण मादी कुठे आहे? नर आणि मादी दोन्हींचं वर्णन द्या. लॅबमध्ये मादी नव्हती. ऋचा स्वतः नाल्यावर जाऊन पानं घेऊन आली होती. ताजी राहावीत म्हणून तिनं ती फ्रिजमध्ये ठेवली. सगळ्या अळ्या मेल्या. हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सरांनी मला बोलावलं. ऋचा टेबलाला टेकून उभी होती.

"तुझ्या घरी माद्या निघाल्यात ना? उद्या घेऊन ये."

"नाव लागणार असेल तर आणते. आभारात नाही, वर."

"बेटा, सौदा करतेस? आम्ही तुला शिकवलं."

"शिकवलंत, सर. म्हणूनच मला कळतं."

"तुझा प्रबंध माझ्या सहीनं जाणार आहे, विसरू नकोस."

"नाही विसरले. माद्या आणणार नाही."

ऋचा ताठ झाली. "काका, हिला काय झालंय?" लॅबमध्ये पहिल्यांदाच ती काका म्हणाली.

 मी थांबले नाही.

सर सही अडवतील. मादीशिवाय छापायचाही प्रयत्न करतील. आधी छापेल त्याचं नाव, हाही आमच्या शास्त्राचा नियम आहे. ते जिंकू शकतात. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, इंग्रजी आहे, ओळखी आहेत.

माझ्याकडे माद्या आहेत. करंज आहे. नराचे अवयव कसे सोडवायचे, ते माझ्या बोटांना माहीत आहे. इंग्रजी शिकता येतं. काल मी मादीच्या डोक्यापासून सुरुवात केली. डोक्यावरचे खवले, त्यांचा रंग, मिशांची लांबी. एका वाक्याला अख्खी दुपार गेली. त्यात चुका असतील. त्या मी दुरुस्त करीन. पण लिहिणार मी, सही माझी, आडनाव माझं, पूर्ण. ज्याला वाचताना थांबायचं असेल, त्यानं थांबावं.