दोन धावपट्ट्या आणि एक पटका

परवा शेजारच्या उसावर औषध मारताना तोच उग्र वास आला आणि १९७४ सालचा इस्लामपूरजवळचा माळ आठवला. तेव्हा उसावरच्या किडीसाठी दोन छोटी विमानं फवारणी करत आणि माळावरच्या शेजारी-शेजारी दोन कच्च्या धावपट्ट्यांवर उतरत. मी तिथे पट्ट्यांवर कामाला होतो; मधलं अंतर मीच साखळीने मोजलं होतं, साठ फूट. दोन्ही एकदम उतरली तर पंखाला पंख लागायची भीती, म्हणून एक उतरत असताना दुसऱ्या पट्टीवर मी पांढरं कापड आडवं पसरायचं आणि ते बघून दुसऱ्याने वर घिरटी मारायची, असं ठरलं होतं. त्या दिवशी कापडावर दगड ठेवायचा राहिला आणि वावटळीने ते उसात नेलं. विमानं तर बरोबरीने खाली येत होती. मेंढरं घेऊन कडेला थांबलेल्या म्हाताऱ्या धनगराने डोक्याचा पांढरा पटका सोडला. "टोक धर रं, बघतुयास काय?" आम्ही दोघांनी तो पट्टीवर आडवा ताणला. आमच्याकडचं विमान डोक्यावरून वर गेलं, तसा पटका वाऱ्याने हातातून सुटला आणि शेजारी उतरलेल्या विमानाच्या चाकात अडकून फाटला. पायलट पैसे देऊ लागला. "पैसं डोस्क्याला गुंडाळू व्हय?" म्हातारा म्हणाला. शेवटी बाजारातून मीच नवा पटका आणून दिला. त्याने तो हाताने मोजला. "धा हात हाय. माजा नऊच हुता." जास्तीचा हात फाडून त्याने मला परत दिला. "ठेव तुला. दगूड ठिवायची आठवण ऱ्हाईल." तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे.